क्वीनची पाठराखीण : जोसेफ गावच्या रोडिओतले तीन दिवस

शुक्रवार

पहाटे साडेचारला आम्ही मायलेकी तबेल्यावर पोहोचलो, तेव्हा घोडी ट्रेलरमध्ये चढलेली होती आणि क्वीन ट्रकच्या मागच्या आसनावर टोप्यांचे तीन डबे पट्ट्याने आवळून बांधत होती. कपड्यांच्या पिशव्या, इस्त्री, खोगीर, घोडीचा चारा आणि तिच्या सवयीच्या पाण्याचे दोन कॅन हे सगळे आधीच लादून झाले होते. टोप्या मात्र ती शेवटी आणि स्वतःच्या हातांनी ठेवते, कारण त्यांतल्या एका टोपीवर मुकुट बसवलेला असतो.

आम्ही अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, पोर्टलंडच्या पश्चिमेला हिल्सबरोत राहतो. चिप बनवणाऱ्या कारखान्यांमुळे इथे मराठी घरे बरीच आहेत, आणि वस्ती संपली की लगेच शेते आणि तबेले लागतात. माझी नऊ वर्षांची लेक दोन वर्षांपासून अशाच एका तबेल्यावर घोडेस्वारी शिकते आहे, आणि तिला शिकवणारी वीस वर्षांची मुलगी यंदा विलामेट खोऱ्यातल्या एका लहान रोडिओची, म्हणजे बिथरत्या घोड्यांवर बसण्याच्या आणि जनावरांना फास टाकण्याच्या स्पर्धांच्या मेळ्याची, क्वीन आहे. लेक तिला ताई म्हणते आणि त्या हाकेला ती ओ देते. क्वीनचा स्वतःचा रोडिओ वर्षातून तीन-चार दिवसांचाच असतो. उरलेल्या शनिवार-रविवारी ती आपल्या गावाची प्रतिनिधी म्हणून दुसऱ्यांच्या रोडिओंना जाते, तिथे झेंडा घेऊन रिंगणात दौडते, मुलांना भेटते, पडेल ते काम करते, आणि मग तिथली क्वीन तिच्या गावी परतभेटीला येते. एरवी तिची आई सोबत असते. या वेळी आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असल्यामुळे पाठराखीण म्हणून जाण्याचे मी कबूल केले होते.

जोसेफ हे गाव राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, वालोवा पर्वताच्या पायथ्याशी आहे. वस्ती जेमतेम अकराशेची, आणि आमच्यापासूनचे अंतर सव्वातीनशे मैलांहून थोडे अधिक. तिथे १९४६ पासून जुलैच्या अखेरीस ‘चीफ जोसेफ डेज’ नावाचा रोडिओ भरतो. कोलंबिया नदीच्या कडेकडेने पूर्वेला निघाले की पहिले दोन तास धबधबे आणि दाट झाडी असते, आणि द डॅल्सच्या पुढे एकाएकी सगळे उघडेबोडके होऊन गव्हाच्या पिवळ्या टेकड्या सुरू होतात. घोडी मागे उभी असताना गाडी रेटून चालत नाही. वळणावर ती पाय रोवून तोल सांभाळते आणि दमते, म्हणून दर तीन तासांनी थांबून तिला पाणी दाखवावे लागते.

असा एक थांबा क्वीनने मुद्दाम पेंडलटनला घेतला. इथला ‘राउंड-अप’ हा सप्टेंबरात भरणारा रोडिओ १९१० पासून चालत आलेला आहे, आणि पहिल्याच वर्षी बर्था अँगर नावाची क्वीन होती, म्हणजे ही प्रथा इथल्या रोडिओइतकीच जुनी आहे. सप्टेंबरला अजून अवकाश असल्यामुळे मैदान रिकामे होते. इथल्या रिंगणाच्या मध्यभागी हिरवळ आहे, आणि क्वीन व तिच्या सोबतच्या राजकन्या भरधाव घोड्यांवरून कुंपण ओलांडून त्या हिरवळीवर उतरतात. मी त्या कुंपणाची उंची डोळ्यांनी मोजत असताना आमची क्वीन माझ्या लेकीला बॉनी मॅककॅरलची गोष्ट सांगत होती.

ही गोष्ट मी आधी वाचलेली होती. पण त्याच जागेवर उभे राहून एका स्वार मुलीच्या तोंडून ती ऐकणे वेगळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायका बिथरणाऱ्या घोड्यांवर बसत, बैलांना फास टाकत आणि त्यासाठी बक्षिसेही मिळवत. १९२७ साली पेंडलटनची क्वीन झालेली मेबल स्ट्रिकलंड ही त्या काळातली नावाजलेली स्पर्धक होती; मुकुट आणि दोर एकाच बाईच्या हातात असण्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. बायकांनी बसताना दोन्ही रिकिबी घोड्याच्या पोटाखालून एकमेकींना बांधायच्या, अशी रीत मात्र होती. त्याने बैठक पक्की राहते, पण घोडा कोलमडला तर पाय सुटत नाही. १९२९ च्या सप्टेंबरमध्ये बॉनीचा घोडा याच मैदानावर कोलमडला, तिचा पाय अडकला आणि काही दिवसांनी ती रुग्णालयात वारली. त्यानंतर पेंडलटनने बायकांची ती स्पर्धाच बंद केली आणि हळूहळू इतरांनीही तेच केले. दोष बांधलेल्या रिकिबींचा होता आणि शिक्षा मात्र बायकांना झाली, असे मला तेव्हाही वाटले होते आणि तिथे उभे राहून अधिकच वाटले. पुढे १९४८ साली टेक्ससमधल्या सॅन अँजेलो इथे ३८ जणींनी एकत्र येऊन स्वतःची संघटना काढली, तेव्हा कुठे रिंगणाचे दार पुन्हा किलकिले झाले. मधल्या वर्षांत बाईने घोड्यावर बसून हजारो लोकांसमोर येण्याची मुख्य जागा उरली ती क्वीनची. तेव्हा तिच्याकडे नुसती शोभेची बाहुली म्हणून पाहणाऱ्यांनी ती जागा कशातून उरली आहे, हेही ध्यानात घ्यावे.

पेंडलटननंतर कॅबेज हिलचा नागमोडी घाट, मग ला ग्रँड, मग मिनमची अरुंद दरी. ती दरी संपली की वालोवाचे खोरे उघडते आणि समोर बर्फाचे पट्टे अंगावर असलेली निळी रांग उभी राहते. तीनच्या सुमारास पोहोचलो. आमची उतरण्याची सोय रोडिओच्या मंडळींनी एका शेतकरी कुटुंबाकडे केली होती. घोडीला मोकळ्या कुरणात फिरवून, खरारा करून, खुरांना काळे पॉलिश लावून आम्ही माणसांच्या तयारीला लागलो.

टोपी डोक्यावर कशी टिकते, हे मला त्या संध्याकाळी जवळून पाहायला मिळाले. टोपी ससा आणि बीव्हर यांच्या लवीच्या फेल्टची, वाफेवर डोक्याच्या मापाने वळवलेली. आधी टाळूवरचे केस उलटे विंचरून फुगवायचे, म्हणजे टोपीला आतून आधार मिळतो; मग टोपीच्या आतल्या पट्टीला दुहेरी चिकटपट्टी लावायची, टोपी पुढून मागे अशी दाबून बसवायची, कानांमागे काटे खोचायचे आणि शेवटी श्वास कोंडेल इतका फवारा मारायचा. मुकुट टोपीच्या पुढच्या बाजूस, काठाच्या वर घट्ट बसवलेला. भर रिंगणात टोपी उडणे ही क्वीनला फार मोठी नामुष्की वाटते. एवढे झाल्यावर तिने मान तीन वेळा जोराने झटकली, टोपी हलली नाही, आणि मग ती घोडीवर बसली.

रिंगण गावाच्या कडेला आहे आणि त्याला हार्ली टकर या स्थानिक माणसाचे नाव दिलेले आहे. रोडिओंना घोडे-बैल पुरवणारा म्हणून तो या प्रदेशात ख्यातनाम होता. सुरुवात प्रार्थनेने आणि राष्ट्रगीताने होते. राष्ट्रध्वज घेऊन उभी असलेली घोडी त्या वेळी एक पाऊलही हलता कामा नये, आणि इतक्या गर्दीत, कापड फडफडत असताना घोड्याला स्तब्ध उभे करणे हे दौडण्यापेक्षा अवघड असते. त्यानंतर पाहुण्या क्वीन एकेक करून आत येतात. आमच्या क्वीनच्या उजव्या रिकिबीला झेंड्याची काठी बसवण्याची चामड्याची खोबण होती. काठी तिच्यात रोवून, लगाम डाव्या हातात धरून ती फाटकातून अशी सुटली की काठीच्या टोकाचा झेंडा ताठ आडवा झाला. एक पूर्ण फेरी, मुख्य प्रेक्षागृहासमोर घोडी मागच्या पायांवर घसरवत थांबवणे, अभिवादन, आणि पुन्हा भरधाव बाहेर. सगळे मिळून अर्धे मिनिट असेल. त्या अर्ध्या मिनिटासाठी आम्ही पहाटे चारला उठलो होतो, आणि मला ते जराही व्यर्थ वाटले नाही.

शनिवार

सकाळी मुख्य रस्त्यावरून मिरवणूक निघाली. जोसेफमध्ये १९८० च्या दशकापासून कांस्य ओतण्याच्या कार्यशाळा आहेत, त्यामुळे रस्त्याच्या कडेने कांस्याचे घोडे, गरुड आणि माणसे उभी आहेत, आणि त्यांच्यामधून जिवंत घोडे चालत होते. क्वीनच्या मिरवणुकीतल्या हात हलवण्याला एक शिस्त असते; ती प्रत्येकाच्या डोळ्यांत पाहते आणि मगच हात हलवते. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या एका आजोबांनी टोपी काढली, तेव्हा तिने घोडी थांबवून खाली वाकून त्यांचा हात हातात घेतला, आणि मागच्या घोड्यांची रांग काही न बोलता थांबली.

मिरवणूक संपता संपता घोडी पुढचा डावा पाय चोरू लागली. डांबरी रस्त्यावर नाल सैल झाला होता. गावचा नालबंद अर्ध्या तासात आला, त्याने नाल काढला, खुराचा तळ चिमट्याने दाबत दाबत पाहिला आणि एका जागी घोडीने पाय झटकन मागे घेतला. तळाला खडा लागून आतून ठेचकाळले होते. पशुवैद्यानेही तेच सांगितले. धोका काही नव्हता, पण दोन-तीन दिवस स्वारी करायची नाही. क्वीनचे डोळे भरून आले होते. तरी तिने दोघांनाही “थँक यू, सर” म्हटले, घोडीचा पाय बर्फाच्या पाण्यात घातला आणि तासभर बादलीजवळ गवतात बसून राहिली. माझी लेक दुसऱ्या बाजूला बसली. रात्री आपण झेंडा घेऊ की नाही, यावर क्वीनने एक शब्द काढला नाही. सगळे बोलणे त्या पायाबद्दलच होते.

दुपारी मी लेकीला घेऊन रिंगणाला लागून असलेल्या टिपींच्या, म्हणजे शंकूसारख्या तंबूंच्या, तळावर गेले. हे खोरे मुळात निमीपू या आदिवासी लोकांचे. बाहेरचे त्यांना नेझ पर्स म्हणतात. १८६३ च्या तहाने त्यांच्या राखीव भूमीचा बहुतांश भाग काढून घेतला, आणि वालोवाच्या ज्या टोळीने त्या तहावर सही केली नव्हती तिलाही १८७७ साली खोरे सोडण्याचा हुकूम झाला. लढाई पेटली, बायकापोरांसह हजारांहून अधिक मैलांची पायपीट करून ते कॅनडाच्या सीमेपासून सुमारे ४० मैलांवर येऊन पोहोचले आणि ऑक्टोबरमध्ये तिथेच त्यांना शस्त्रे ठेवावी लागली. त्या टोळीचा प्रमुख चीफ जोसेफ याला या खोऱ्यात पुन्हा राहू दिले गेले नाही. १९०४ साली तो वॉशिंग्टन राज्यात वारला. गावाला मात्र १८८० मध्ये त्याचेच नाव देण्यात आले. ज्याला हाकलले त्याच्या नावाने उत्सव भरतो, ही गोष्ट इथे येणाऱ्याने नजरेआड करू नये, आणि तळावरची मंडळी ती करूही देत नाहीत. नाच पाहायला जमलेल्यांना एक वृद्ध बाई हे सगळे शांतपणे सांगत होत्या. २०२० च्या अखेरीस निमीपूंनी गावाच्या कडेची १४८ एकर जमीन विकत घेतली आणि पुढच्या जुलैत ते घोड्यांवर बसून आपल्या त्या जमिनीवर परत आले.

रोडिओशी त्यांचे नाते पाहुण्यांचे नाही. १८७७ च्या त्या धावपळीत जो कोवळ्या वयाचा मुलगा होता, तो जॅक्सन सनडाऊन १९१६ साली पेंडलटनला खोगिरावरच्या बिथरत्या घोड्यांच्या स्पर्धेत विजेता ठरला. तेव्हा तो ५३ वर्षांचा होता.

संध्याकाळी पाचला आमच्या यजमानांनी क्वीनसमोर आपला राखी रंगाचा घोडा आणून उभा केला. गुरे वळण्याच्या कामातला, बारा वर्षांचा, दिसायला काही खास नाही. तिने आधी त्याला झेंडा हुंगायला दिला, मग झेंडा त्याच्या मानेवरून, पाठीवरून, पायांवरून फिरवला. त्याने कान हलवले आणि सोडून दिले. तंग आवळून ती वीस मिनिटे त्याला गोल फिरवत राहिली. राष्ट्रीय पातळीच्या ‘मिस रोडिओ अमेरिका’ स्पर्धेत उमेदवारांना चिठ्ठीत निघालेल्या अनोळखी घोड्यांवरच परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे ही सवय क्वीन मुद्दाम करतात. तरी परीक्षेची तयारी वेगळी आणि दोन तासांवर आलेली रात्र वेगळी.

रोडिओची रात्र कशी उलगडते हे थोडक्यात सांगते. सुरुवातीला खोगिराविना बिथरत्या घोड्यांची स्वारी, शेवटी बैलांची. स्वाराने एका हाताने धरून आठ सेकंद टिकायचे, आणि गुण शंभरांपैकी, त्यांतले निम्मे स्वाराचे व निम्मे जनावराचे. घोडा जोरदार उसळला नाही तर स्वार कितीही चांगला असला तरी जिंकत नाही, म्हणून या लोकांत जनावरांची नावे स्वारांइतक्याच आदराने घेतली जातात. घोड्याच्या कमरेला बांधतात त्या पट्ट्याबद्दल बाहेर बरेच गैरसमज आहेत. तो मऊ अस्तराचा असतो, पोटाच्या मागच्या भागावरून जातो, आणि आठ सेकंद झाल्यावर दोन सोबती स्वार जवळ येऊन तो सोडवतात. वासराला फास टाकून पाडण्याचा प्रकार मात्र मला पाहवला नाही. वासरू धावताना मानेला हिसका बसून उलटे पडते, त्याचे तीन पाय बांधतात आणि ते सहा सेकंद बांधलेले राहावे लागतात. मी आंबेगाव तालुक्यातली आहे. बैलगाडा शर्यतींच्या घाटावर लहानपण गेले, २०१४ ची सर्वोच्च न्यायालयाची बंदी आणि २०२३ मध्ये घटनापीठाने दिलेली मान्यता या दोन्हींवर आमच्या घरात हमरीतुमरी झालेली आहे. माझे वडील बैलाला आधी घास घालून मग स्वतः जेवत, आणि तरीही बारीच्या वेळी बैलाच्या डोळ्यांत काय असते हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. प्रेम आहे म्हणून प्रश्न मिटत नाही, असे मला तिथेही वाटत असे आणि इथेही वाटले. बायकांच्या फास टाकण्यात दोराचे टोक खोगिराला नुसत्या सुतळीने बांधलेले असते, वासराच्या गळ्यात फास पडून दोर ताणला की ती तुटते आणि वासरू मोकळे होते. मला तोच प्रकार सर्वांत देखणा वाटला.

राखी घोडा झेंड्यासह दौडला, पण घोडीसारखा वाऱ्यावर नाही. त्याची दौड जड आणि सरळ होती, आणि थांबताना तो दोन पावले जास्त घेऊन थांबला. क्वीनने हसून त्याच्या मानेवर थाप मारली. खरी गंमत पुढे झाली. जोडीने बैल धरण्याच्या स्पर्धेनंतर सुटलेली जनावरे रिंगणातून बाहेर काढायला पाहुण्या क्वीन मदत करतात. एक तांबडे बैलाचे पोर फाटकापर्यंत गेले आणि तिथून वळून थेट उलटे पळाले. क्वीनने लगाम हलवण्याआधी राखी घोडा वळला होता. त्याने मान खाली घातली, जनावर डावीकडे गेले की डावीकडे, उजवीकडे गेले की उजवीकडे, आणि ती खोगिरात खोल बसून फक्त त्याच्या मध्ये न येण्याची काळजी घेत राहिली. चौथ्या वळणाला जनावर हरले आणि फाटकातून निघून गेले. त्या दिवसाच्या मुकुटवाल्या दौडीला मिळाल्या नव्हत्या इतक्या टाळ्या पडल्या. माझी लेक कुंपणाच्या आडव्या नळीवर उभी राहून “ताई, ताई” असे ओरडत होती आणि आजूबाजूची मुलेही अर्थ न कळता तेच ओरडू लागली.

नंतर दीड तास सह्या. प्रत्येक मुलाचे नाव विचारून, त्याचे स्पेलिंग पुन्हा विचारून, छायाचित्रावर सही. एका चार वर्षांच्या मुलीने विचारले, की तू खरी राणी आहेस का? क्वीन गुडघ्यावर बसून म्हणाली, की मी एका गावाची आहे, आणि त्या गावाने मला तुला भेटायला पाठवले आहे.

रविवार

सकाळी घोडीचा पाय दाबून पाहिला. सूज उतरली होती. क्वीनने यजमानांचा तबेला झाडून काढला, राखी घोड्याला खरारा केला आणि त्याच्या तोबऱ्यात आमच्याकडची उरलेली सफरचंदे टाकली.

दुपारी टिपींच्या तळाजवळ मैत्रीभोजन होते. निमीपू आणि गावकरी एकाच रांगेत उभे राहून जेवण घेतात. क्वीन मुकुटाची टोपी घालून वाढायला उभी राहिली आणि वृद्धांची ताटे तिने स्वतः नेऊन दिली. मी घरून करून आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या तिथे ठेवल्या होत्या. ताट लवकर रिकामे झाले. एका आजींनी लेकीला जवळ बोलावून तिच्या वेणीला हात लावला आणि आपली वेणी पुढे केली. दोघी एकमेकींच्या वेण्या धरून काही वेळ तशाच बसल्या होत्या.

निघताना वालोवा सरोवराच्या तोंडाशी थोडे थांबलो. तिथे थोरल्या जोसेफची, म्हणजे चीफ जोसेफच्या वडिलांची, समाधी आहे. ते १८७१ साली वारले. त्यांच्या अस्थी १९२६ मध्ये इथे आणून ठेवल्या. दगडी खांबाच्या पायाशी नाणी, शिंपले, कापडाच्या चिंध्या आणि एक घोड्याचा जुना नाल होता. क्वीनने टोपी काढली. तीन दिवसांत दिवसाउजेडी तिचे मोकळे केस मी पहिल्यांदाच पाहिले.

परतीच्या वाटेवर पेंडलटनला अंधार पडला. लेक झोपली होती. क्वीन पुढच्या आठवड्यातला रोडिओ, कॉलेजची फी आणि नव्या नालाचा खर्च यांचा हिशेब मला मोठ्याने सांगत होती, आणि मध्येच मान कलती करून मागे घोडी नीट उभी आहे की नाही याचा कानोसा घेत होती. मध्यरात्र उलटून गेल्यावर तबेल्यावर पोहोचलो. घोडी उतरली, चार पावले चालली, क्वीनने विजेरी तिच्या पायावर धरली आणि तिला पुन्हा चार पावले चालवले. लंगड नव्हती. मग तिने टोपीचा डबा उघडला, मुकुटावरची धूळ मऊ फडक्याने एकेका खड्यावरून पुसली, आणि डबा बंद करण्याआधी माझ्या झोपाळलेल्या लेकीला विचारले, की मंगळवारी पाचला येशील ना, घोडीला नुसती हाताने चालवायची आहे.